जुने परदेशी सिनेमे: पाहिलेले सहा, आणि त्यातून पडलेले प्रश्न

दुपारचा_शो

गेल्या दोन महिन्यांत पाहिलेले, सालाच्या क्रमाने लिहितो. मतं कच्ची आहेत, प्रश्न पक्के आहेत.

मेट्रोपोलिस (१९२७): ८३ मिनिटांची प्रत, दृश्यांना रंग चढवलेले, मागे ऐंशीच्या दशकातली पॉप गाणी. शहर आणि यंत्रं अफाट. गोष्ट मात्र तुटक वाटली. एक बारीक माणूस पाळतीवर ठेवतात आणि पुढे त्याचं काय होतं ते कळतच नाही. शिवाय माणसं तुरुतुरु पळतात.

एम (१९३१): सहांतला सर्वांत आवडलेला. पण मधेमधे आवाज पूर्ण जातो, खरखरसुद्धा ऐकू येत नाही. फाइल खराब आहे का? आणि टीव्हीवर सगळ्यांची डोकी कपाळापासून कापलेली.

बायसिकल थीव्ज (१९४८): शेवटची दहा मिनिटं बघवत नाहीत, या अर्थी उत्तम. ओठ आणि आवाज कुठेच जुळत नाहीत.

द थर्ड मॅन (१९४९): ९३ मिनिटं. तारांच्या वाद्याची ती धून डोक्यातून जात नाही. कॅमेरा तिरका का धरलाय ते उमगलं नाही.

टोकियो स्टोरी (१९५३): शिव्या घाला हवं तर, पण पहिला तास काहीच घडत नाही.

सेव्हन सामुराई (१९५४): १९८ मिनिटं. सगळीकडे २०७ लिहिलेलं दिसतं. ९ मिनिटं कुणी कापली? वेगळ्या ठिकाणची सबटायटल्स लावली तर सुरुवातीला बरोबर, आणि शेवटच्या पावसातल्या लढाईपर्यंत आठेक मिनिटं मागे पडलेली.

---

रीळ_क्रमांक_चार

आधी लांबीचं बोलू, कारण तुमचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

सामुराईतली ९ मिनिटं कुणीही कापलेली नाहीत. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम्सनी चालतो. आपल्याकडची आणि युरोपातली टीव्हीची पाल पद्धत सेकंदाला २५ फ्रेम्सची. पालची डीव्हीडी काढताना सिनेमा सरळ २५ नी पळवत, म्हणजे लांबी गुणिले ०.९६. २०७ ला ०.९६ नी गुणलं की १९८.७ येतात. तुमची प्रत पूर्ण आहे, फक्त चार टक्के घाईत आहे. आवाजही तितकाच चढतो. हार्मोनियमच्या भाषेत, काळी एकमधला आवाज पांढरी दोनच्या किंचित अलीकडे जाऊन थांबतो. त्यातला नट मिफुने, त्याचं ओरडणं त्याने बिघडत नाही, पण संगीताच्या सिनेमात कान असलेल्याला लगेच खटकतं.

म्हणून कुठल्याही जुन्या सिनेमाची लांबी कमी दिसली की आधी मूळ आकड्याला ०.९६ नी गुणायचं. बसलं तर पाल. नाही बसलं तर कात्री.

थर्ड मॅनला हे लावून बघा. मूळ ब्रिटिश प्रत १०४ मिनिटांची, पालमध्ये १०० च्या आसपास. ९३ कशातच बसत नाही. ती अमेरिकेत दाखवलेली प्रत आहे, ११ मिनिटं कमी. ओळखायची खूण पहिल्याच मिनिटात आहे. युद्धानंतरच्या व्हिएन्नाची ओळख करून देणारं निवेदन ब्रिटिश प्रतीत खुद्द दिग्दर्शक कॅरल रीडच्या आवाजात आहे. काळ्या बाजारातल्या एखाद्या मुरलेल्या माणसाने सांगावं तसं, थोडं बेरकी. अमेरिकन प्रतीत तेच जोसेफ कॉटनच्या, म्हणजे नायकाच्या, आवाजात येतं. एवढ्यानेच सिनेमाचा सूर बदलतो, कारण मग सुरुवातीपासून आपण नायकाच्या बाजूचे होतो. ते वाद्य झिदर, वाजवणारा अँटन कारास.

मेट्रोपोलिसचं प्रकरण मोठं आहे. १० जानेवारी १९२७ ला बर्लिनमध्ये पहिला खेळ झाला तेव्हा सिनेमा ४१८९ मीटर होता. मूकपटांची लांबी मिनिटांत लिहीत नसत, मीटरमध्ये किंवा फुटांत लिहीत. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम्स, म्हणजे मीटरला साधारण ५२.५. मीटर गुणिले ५२.५, भागिले वेग, भागिले ६० केलं की मिनिटं मिळतात. ४१८९ मीटर २४ च्या वेगाने १५३ मिनिटं चालेल, २० च्या वेगाने १८३. पुढे अमेरिकेत आणि मग जर्मनीतही तो बराच कापला गेला, आणि कापलेले तुकडे ऐंशी वर्षं हरवलेले होते. २००८ मध्ये ब्युनॉस आयर्सच्या सिनेमा संग्रहालयात १६ मिमीची जवळजवळ पूर्ण निगेटिव्ह सापडली. त्यावरून २०१० ची प्रत तयार झाली, ती १५० च्या आसपास आहे. तीच बघा.

तुमच्या त्या बारीक माणसाचं उत्तर तिथे आहे. त्याचा जवळपास सगळा भाग कापलेल्यात गेला होता. ११८११ नंबरचा कामगार मालकाच्या मुलाचे कपडे घालून गाडीतून मौजमजेला जातो, तोही त्यातच. सापडलेले तुकडे ओळखायला सोपे आहेत: उभ्या ओरखड्यांनी भरलेले, आणि डावीकडे व वर काळी पट्टी. मूकपटाची फ्रेम पूर्ण रुंदीची, ती बोलपटाच्या खिडकीतून कॉपी केल्यामुळे डावी आणि वरची कड गेली. पुनर्संचयन करणाऱ्यांनी चित्र ताणून भोक बुजवलं नाही, पट्टी तशीच ठेवली. योग्य केलं. कुठला तुकडा कुठे बसतो हे ठरवताना संगीतकार हुपेर्ट्‌झच्या मूळ संगीताच्या वह्या कामी आल्या. दोन जागा अजूनही रिकाम्या आहेत, त्यातली एक चर्चमधल्या साधूच्या प्रवचनाची. तिथे वेगळ्या टायपातल्या मजकुराच्या पाट्या येतात.

८३ मिनिटांची तुमची प्रत १९८४ ची, संगीतकार जॉर्जो मोरोडरची. वेग वाढवल्यामुळे लांबी निम्मी झाली.

---

पिटातला

शेवटचं वाक्य दुरुस्त करतो. मोरोडरची प्रत वेगामुळे निम्मी झालेली नाही. एक तर त्या वेळी सापडलेली फिल्मच अपुरी होती. दुसरं, त्याने मधल्या पाट्या काढून संवाद सबटायटल म्हणून चित्राखाली टाकले. मूकपटात पाट्या बराच वेळ खातात. त्या गेल्या की लांबी झपाट्याने उतरते, आणि श्वास घ्यायच्या जागाही जातात. तुटक वाटतं ते यानेही.

आता माणसं पळतात त्याचं. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवत, सेकंदाला १६ ते २४ यांच्यामध्ये कुठेही. १६ ला काढलेलं २४ ला दाखवलं की सगळं दीडपट. उलटही होतं: नीट वेगात आणायचं म्हणून काही फ्रेम्स दोनदा छापतात, मग माणसं पळत नाहीत पण ठेचकाळत चालतात. आपल्याकडची फाइल कुठल्या जातीची हे तपासणं सोपं आहे. व्हीएलसी प्लेअरमध्ये कुणीतरी चालत असलेलं दृश्य थांबवा आणि 'ई' दाबत एकेक फ्रेम पुढे जा. पाय हलला की नवी फ्रेम, नाही हलला की पुनरावृत्ती. बारा वेळा दाबा आणि मोजा. दर तीन दाबांत एक पाय जागचा हलत नसेल तर मूळ वेग १६, चारांत एक नसेल तर १८, सहांत एक नसेल तर २०. म्हणजे वेग आधीच दुरुस्त केलेला आहे, त्याला हात लावू नका. एकही पुनरावृत्ती नाही आणि माणसं पळताहेत, तर मात्र वेग कमी करायला वाव आहे. चौकटी कंसाची डावी कळ '[' एका दाबाला ०.१ कमी करते. तीनदा दाबलं की ०.७, म्हणजे साधारण १७ फ्रेम्स. '=' दाबलं की मूळ वेग परत. संगीत अर्थातच बेसूर लांबतं, ते बंदच ठेवावं.

एक सावधानता. सगळं मंद करत सुटू नका. कीटन-चॅप्लिनच्या विनोदी पटांत कॅमेरा मुद्दाम हळू फिरवलेला असतो, पडद्यावर पळापळ दिसावी म्हणून. आणि त्या काळी थिएटरवाले शूटिंगच्या वेगापेक्षा जास्त वेगानेच दाखवत, दिग्दर्शकांनाही ते ठाऊक होतं. त्यामुळे 'वास्तवासारखं' म्हणजे 'बरोबर' असं नाही. पडणारं पाणी, घोड्याची चाल आणि झेंडा या तीन गोष्टी बघाव्यात. माणसं फसवतात, पाणी सहसा फसवत नाही.

जाता जाता आपल्या घरचं उदाहरण. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) चार रिळांचा, ३७०० फूट. बऱ्याच ठिकाणी लांबी ४० मिनिटं अशी छापलेली दिसते. ३७०० गुणिले १६, भागिले २४, भागिले ६० केलं की ४१ मिनिटं येतात. १६ च्या वेगाने तोच सिनेमा ६२ मिनिटांचा होतो. तेव्हा ४० हा आकडा आजच्या प्रोजेक्टरचा दिसतो, गिरगावातल्या कोरोनेशनच्या खेळाचा नव्हे. आज पहिलं आणि शेवटचं रीळ तेवढं उरलंय, आणि तेही १९१७ साली परत काढलेल्या आवृत्तीचं असावं असं काही अभ्यासक म्हणतात.

आता 'एम'मधली कापलेली डोकी. हा गुन्हा टीव्हीचा. सुरुवातीच्या बोलपटांत आवाजाची पट्टी फिल्मवरच एका कडेला छापत, त्यामुळे चित्राची रुंदी घटली आणि फ्रेम जवळजवळ चौकोनी झाली, १.१९ ला १. 'एम' त्या आकाराचा आहे. १९३२ मध्ये १.३७ हा आकार ठरला आणि पुढची वीस वर्षं तो चालला. तुमच्या यादीतले बाकीचे बोलपट सगळे १.३७ चे. आजचा टीव्ही १.७८. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर 'एम'चं चित्र फक्त १२८५ पिक्सेल रुंद असायला हवं, दोन्ही बाजूंना तीनशेच्या वर काळं. काळं दिसत नसेल तर दोनातलं एक झालंय. माणसं जाडी दिसत असतील तर चित्र आडवं ताणलंय. माणसं ठीक पण डोकी कापलेली, तर झूम केलंय, आणि 'एम'च्या बाबतीत त्यात एक तृतीयांश उंची जाते. १.३७ च्या सिनेमात जवळपास पावपट. टीव्हीच्या 'पिक्चर साइझ'मध्ये जाऊन 'झूम', 'ऑटो' काढा, १६:९ ठेवा, आणि 'फिट टू स्क्रीन' किंवा 'जस्ट स्कॅन' असं काही असेल तर ते चालू करा. ते बंद असलं की टीव्ही चारही कडांची थोडी पट्टी आपण होऊन खातो. व्हीएलसीत 'ए' आणि 'सी' या कळा चुकून दाबल्या गेल्या की हाच घोळ होतो. पुन्हा पुन्हा दाबून 'डिफॉल्ट'वर आणा.

आणि त्याच फेरीत मोशन स्मूदिंग बंद करा. एलजीत ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी. टीव्ही दोन फ्रेम्सच्या मधली फ्रेम स्वतःच्या मनाने बनवतो आणि १९५३ चा सिनेमा काल शूट केलेल्या मालिकेसारखा दिसतो. 'फिल्ममेकर मोड' असेल तर एका झटक्यात बरंच काही सुधारतं. शार्पनेस आणि नॉइज रिडक्शन शून्यावर आणा. जुन्या फिल्मवरचे हलणारे कण म्हणजे घाण नव्हे, चित्र त्यांचंच बनलेलं असतं. कण पुसले की चेहरे मेणाचे होतात.

आवाज जाण्याचं: फाइल ठीक आहे. फ्रिट्झ लांगचा हा पहिला बोलपट, आणि त्याने काही दृश्यं मुद्दाम पूर्ण निःशब्द ठेवली आहेत. पार्श्वसंगीतही नाही. शांतता दृश्याबरोबर सुरू होऊन दृश्याबरोबर संपत असेल तर ती दिग्दर्शकाची. वाक्याच्या मध्यात तुटत असेल तर फाइलची. ज्या सिनेमात खुनी ओळखू येतो तो एका आंधळ्या फुगेवाल्याला, शिट्टीवरून, तिथे कान टवकारून ठेवायला लावणं हाच डाव आहे. शिट्टी संगीतकार ग्रीगच्या धूनेची. खुन्याचं काम करणाऱ्या पीटर लोरेला शिट्टी येत नव्हती, वाजवलीय लांगनेच.

---

तळओळ

सबटायटल्सबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून मी.

बिघाड तीन तऱ्हेचे असतात आणि इलाज तिन्हींचे वेगळे. पहिला संवाद आणि शेवटचा संवाद तपासा. दोन्हीकडे सारखाच फरक असेल तर नुसतं सरकवायचं: व्हीएलसीत 'जी' आणि 'एच', एका दाबाला ५० मिलिसेकंद. फरक हळूहळू वाढत जात असेल तर फ्रेम रेटची चूक. आणि चाळीस मिनिटं व्यवस्थित चालून अचानक बारा सेकंदांची उडी पडत असेल तर सबटायटल वेगळ्या कापलेल्या प्रतीचं आहे.

दुपारचा_शो, तुमचा सामुराई सरळ दुसऱ्या प्रकारातला. फाइल १९८ ची, सबटायटल २०७ च्या हिशोबाने. शेवटी ८ मिनिटं मागे पडणार हे गणितच आहे. 'सबटायटल एडिट' नावाचा फुकट प्रोग्रॅम घ्या, फाइल उघडा, 'सिंक्रोनायझेशन' मेनूत 'चेंज फ्रेम रेट'. वरच्या रकान्यात २३.९७६, खालच्यात २५. दाबलं की शेवटच्या ओळीचा वेळ बघा: सिनेमाच्या लांबीच्या आत आला पाहिजे. उलट टाकलंत तर तो २१० मिनिटांच्या पुढे जाईल, लगेच कळेल. फाइल पूर्ण वेगाची आणि सबटायटल पालचं असेल तर आकडे उलटे, आणि लक्षणही उलटं: सबटायटल पुढे पळतं, तासाला जवळपास अडीच मिनिटं.

२४ आणि २३.९७६ यांतला फरक लोक विसरतात. तो तासाला ३.६ सेकंदांचा. नव्वद मिनिटांच्या सिनेमात शेवटी पाच सेकंद, म्हणजे विनोद आधी वाचायचा आणि मग ऐकायचा.

तिसऱ्या प्रकाराला 'पॉइंट सिंक': चार-पाच ठिकाणी खरा वेळ हाताने बसवायचा. उडी जिथे पडते तिच्या आधीची एक आणि नंतरची एक ओळ त्यात हवीच. थर्ड मॅनच्या ९३ मिनिटांच्या प्रतीला १०४ ची सबटायटल्स लावायच्या भानगडीत मात्र पडू नका. जागोजाग कापलंय, संध्याकाळ जाईल.

फाइल सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा, नाहीतर फ्रेंच-जर्मन नावांतल्या अक्षरांची खिचडी होते. देवनागरी सबटायटलच्या जागी चौकोन दिसत असतील तर व्हीएलसीच्या सबटायटल सेटिंगमध्ये फॉण्ट मंगल किंवा नोटो सान्स देवनागरी करा.

आणखी एक फसवणूक असते: काही इंग्लिश सबटायटल्स मूळ भाषेवरून केलेली नसतातच, इंग्लिश डबिंगचे संवाद उतरवलेले असतात. ओठांना बसावं म्हणून डबिंगमध्ये वाक्यं बदललेली, ती तशीच खाली येतात. पडद्यावर माणूस गप्प आहे आणि खाली वाक्य दिसतंय, असं दोनदा झालं की ती सबटायटल्स टाकून द्या.

टोकियो स्टोरीत सबटायटल खातं ते नात्याचे शब्द. धाकटी मुलगी क्योको विधवा सून नोरिकोला 'ओनेएसान' म्हणते, ते आपलं 'वहिनी'. नोरिको सासू-सासऱ्यांना 'ओकासान', 'ओतोसान' म्हणते, आई आणि बाबा. इंग्लिशमध्ये बहुतेक वेळा नुसती नावं नाहीतर सरळ 'यू' येतं. आपल्या कानाला हे तीन शब्द ओळखू यायला दहा मिनिटं लागतात, आणि मग सून सख्ख्या मुलांपेक्षा जवळची कशी होते ते वाचावं लागत नाही.

---

सावकाश

बायसिकल थीव्जचे ओठ जुळवत बसू नका, जुळणार नाहीत. इटलीत तेव्हा शूटिंग रस्त्यावर, आणि आवाज नंतर स्टुडिओत भरायचा अशीच पद्धत होती. नट कारखान्यातला कामगार, त्यामुळे हे आणखी सोयीचं. दोष आहे की पद्धत, हे दार आपटण्यावरून किंवा टाळीवरून ठरवा. तो आवाज अचूक आणि ओठ मात्र कधी पुढे कधी मागे, तर पद्धत. सगळंच सारखं सरकलेलं असेल तर दोष, व्हीएलसीत 'जे' आणि 'के'.

नावाकडेही बघा. इटालियन नाव अनेकवचनी आहे. अमेरिकेत ते एकवचनी करून विकलं, तिथे शेवट आधीच चुकतो, कारण चोर एकटा नाही. चोरीला गेलेल्या सायकलवर 'फिडेस' असं लिहिलंय, लॅटिनमध्ये विश्वास. यावर मी फार भर देणार नाही, जरा सांगून केल्यासारखं आहे ते. त्यापेक्षा गहाणाच्या दुकानातलं दृश्य परत बघा. बायको घरातल्या चादरी गहाण ठेवते. कारकून ते गाठोडं घेऊन मांडणीवर चढायला लागतो, चढतच जातो, आणि कॅमेरा त्याच्यामागे वर गेल्यावर कळतं की छतापर्यंत चादरींचीच गाठोडी आहेत. एक शब्द नाही. युद्धानंतरच्या रोममध्ये किती घरांत लोक बिनचादरीचे झोपत होते याचा एवढाच आकडा.

जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला (आता गोव्यात होतो तोच), त्यात हा सिनेमा होता. पुढच्याच वर्षी बिमल रॉयचा 'दो बीघा जमीन' आला. दोन्ही लागोपाठ बघितले की बापाबरोबर शहरात हिंडणारा मुलगा दोन्हीकडे काय काय बघतो ते लक्षात येतं.

आता टोकियो स्टोरी. शिव्या नाही घालत, पण 'काहीच घडत नाही' हे मान्य नाही. घडतं, फक्त मोठ्या आवाजात घडत नाही. पहिलं दृश्य: ओनोमिचीच्या घरात म्हातारा-म्हातारी प्रवासाची बांधाबांध करताहेत. हवेची उशी सापडत नाही. तो म्हणतो, तुझ्याकडे दिली होती. ती म्हणते, माझ्याकडे नाही. थोड्या वेळाने ती त्याच्याच सामानात निघते, आणि तो 'सापडली' एवढंच म्हणतो, चूक कबूल न करता. त्यांचा संसार इथे संपूर्ण आलाय. खिडकीतून शेजारीण डोकावून चौकशी करते. शेवटच्या दृश्यात तीच खिडकी, तीच शेजारीण, आणि उत्तर द्यायला एकटाच तो. बाहेर होड्यांच्या इंजिनाची तीच टुकटुक. पहिला तास नीट न बघता पुढे ढकलला तर शेवटाला टेकायला काही उरत नाही.

कॅमेरा जमिनीलगत, चटईवर बसलेल्या माणसाच्याही किंचित खाली, ५० मिमीची लेन्स, आणि अख्ख्या सिनेमात तो जागचा हलतो फार तर एक-दोनदा. बोलणारा माणूस जवळजवळ आपल्याकडे बघून बोलतो. हे आधी विचित्र वाटतं. दिग्दर्शक ओझू समोरासमोरच्या दोन माणसांमधली ती नेहमीची काल्पनिक रेषा पाळत नाही, त्यामुळे कोण कुठे बसलंय याचा गोंधळ होतो. खोली समजून घ्यायचा नाद सोडला की चेहरे दिसायला लागतात. आईचं कार्य आटोपल्यावर जेवताना मोठी मुलगी आईचा किमोनो आणि ओबी (त्यावरचा कंबरपट्टा) आठवण म्हणून मागते ते दृश्य बघा. ती दुष्ट नाही. घाईत आहे.

मूळ कल्पनेमागे १९३७ चा 'मेक वे फॉर टुमॉरो' हा अमेरिकन सिनेमा आहे: घर गेलेले आईबाप, एकाला एका मुलाकडे, दुसरीला दुसऱ्याकडे पाठवतात. आपल्याकडे राजा परांजप्यांचा 'ऊनपाऊस' (१९५४) याच दुखण्याचा. म्हातारा मास्तर आणि त्याची बायको, मुलांनी वाटून घेतलेली. तिन्ही एका आठवड्यात बघितले तर ओझूने काय काय गाळलंय ते कळेल. अमेरिकन सिनेमात नवरा-बायकोची ताटातूट पडद्यावर होते, 'ऊनपाऊस'मध्ये डोळ्याला पदर लागतो. ओझूमध्ये आई आजारी पडते तेही आपल्याला तारेतून कळतं.

---

रीळ_क्रमांक_चार

मोरोडरबद्दलची दुरुस्ती मान्य. पाट्या विसरलो.

थर्ड मॅनच्या तिरक्या कॅमेऱ्याबद्दल: शहर चार सत्तांनी वाटून घेतलंय, नायकाला जर्मन येत नाही, आणि जो भेटतो तो खोटं बोलतो. जिथे त्याला जमिनीचा अंदाज नाही तिथे फ्रेम कलते. शेवटच्या स्मशानाच्या रस्त्यावर कॅमेरा एकदम सरळ होतो आणि हलायचं नाव घेत नाही. नायिका अ‍ॅना लांबून चालत येते, पूर्ण अंतर, आणि निघून जाते. तिथे शंकेला जागाच उरलेली नाही.

सामुराईवर कुणीच बोललं नाही म्हणून एक सांगतो. म्होरक्या कांबेईच्या कागदावर गोल काढलेले आहेत, प्रत्येक दरोडेखोराला एक, एकूण चाळीस. मेला की फुली. प्रेक्षकाला शेवटपर्यंत शिल्लक किती ते माहीत असतं, म्हणून एवढ्या चिखलात नि पावसातही लढाई कळते. आणि सातांपैकी चार मरतात ते चारही बंदुकीच्या गोळीने, तलवारीने एकही नाही. दरोडेखोरांकडे बंदुका तीनच आहेत. दुसऱ्यांदा बघताना त्या तीन बंदुका मोजत बघा.

---

दुपारचा_शो

सबटायटल बसलं. २३.९७६ वरून २५ केलं, शेवटची ओळ १९७ मिनिटांवर आली. 'एम' काळ्या पट्ट्यांसकट पुन्हा लावला, तर वेगळाच सिनेमा.

आता नोस्फेराटू (१९२२) बघायचाय. तीन प्रती दिसतात: ६३, ८४ आणि ९४ मिनिटं. ०.९६ चा नियम कशालाच लागू होत नाही. कुठली घ्यावी?

---

पिटातला

मूकपटाला मीटरचं गणित, ०.९६ नव्हे. मूळ लांबी १९६७ मीटर. गुणिले ५२.५, भागिले १८, भागिले ६०: साधारण ९५ मिनिटं. म्हणजे ९४ ची प्रत जवळपास पूर्ण आणि वेग १८. तोच सिनेमा पूर्ण असून २४ ला पळवला तरी ७२ मिनिटं लागतात, तेव्हा ६३ मध्ये बरंच काही गायब आहे. त्या प्रतींच्या इंग्लिश पाट्यांत बहुधा 'ड्रॅक्युला' हे नाव दिसेल. मूळ जर्मन पाट्यांत तो काउंट ऑर्लोक आहे. कादंबरीचे हक्क न घेता सिनेमा काढला होता, म्हणून नावं बदललेली. लेखकाच्या विधवेने खटला जिंकला आणि कोर्टाने प्रती नष्ट करायला सांगितलं, तरी काही वाचल्या.

पण मिनिटांइतकाच रंग महत्त्वाचा. रात्रीची दृश्यं दिवसाउजेडी काढलेली आहेत, कारण तेव्हाच्या फिल्मला रात्री बाहेर काही दिसत नसे. नंतर तेवढ्या भागाला निळा रंग द्यायचा आणि प्रेक्षकाने रात्र समजायची. घरातल्या दिव्याच्या दृश्यांना पिवळा. साध्या काळ्या-पांढऱ्या प्रतीत ते रंग उडालेले असतात, आणि उन्हाने मरणारा पिशाच्च लख्ख दुपारी स्वतःची शवपेटी काखेत मारून गावातून फिरताना दिसतो. लोक हसतात आणि दिग्दर्शकाला बावळट ठरवतात. प्रत निवडताना तेच दृश्य आधी उघडून बघा: ऑर्लोक शवपेटी घेऊन गावात चालतोय. निळं असेल तर पुढे बघा. राखाडी असेल तर बंद करा, मिनिटं कितीही असोत.